शास्त्रज्ञ वर्गात येणार, तेव्हा मुलं काय करणार?

वाचकाचं पत्र: मी चौथीला विज्ञान शिकवते. पट 38 चा. गेल्या वर्षी एका संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आमच्या वर्गात आले होते. त्यांनी तासभर पडद्यावर चित्रं दाखवली. पंधराव्या मिनिटाला मागची बाकं वाजायला लागली आणि शेवटी ‘विचारा प्रश्न’ म्हटल्यावर मुलांनी विचारलं काय, तर ‘तुम्हाला पगार किती?’ मुख्याध्यापक आता म्हणतात, पुन्हा कशाला हा घोळ. यंदा एका मुलाची आई यायला तयार आहे. त्या औषध तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतात, पण ‘मी काही शास्त्रज्ञ नाही हो’ असं म्हणतात. दुसरीकडे महाविद्यालयातले एक प्राध्यापक द्रवरूप नायट्रोजनचे खेळ दाखवायला तयार आहेत. मुलं नक्कीच खूश होतील. कोणाला बोलवू? आणि बोलावल्यावर त्या तासाचं करू काय? दोन महिन्यांनी ‘मिश्रणं वेगळी करणं’ हा धडा आहे.

उत्तर:

त्या आईंना बोलवा. तेही धडा संपल्यावर नाही, धडा अर्ध्यावर आलेला असताना.

आधी नायट्रोजनचं बघू, कारण मोह तिथेच आहे. द्रवरूप नायट्रोजन उणे 196 अंश सेल्सिअसला उकळतो. एक लिटर द्रवाचा साधारण 700 लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो हवेतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. झाकण घट्ट लावलेल्या भांड्यात तो राहिला तर भांडं फुटतं. 38 मुलं, बंद खिडक्या आणि पुढे सरकायची घाई, हे सगळं एका वर्गात नको. प्राध्यापकांना नाही म्हणायचं नसेल तर कार्यक्रम मोकळ्या मैदानात ठेवा. मुलं आखलेल्या रेषेच्या मागे बसतील आणि भांड्याला हात फक्त प्राध्यापकच लावतील. पण तो विज्ञानाचा तास नव्हे, खेळ आहे. मुलांना धूर आठवतो, धूर का झाला ते आठवत नाही. शिवाय तुमच्या धड्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता ‘मी शास्त्रज्ञ नाही’ हे वाक्य. डेव्हिड चेंबर्स यांनी 1983 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बालवाडी ते पाचवीच्या 4807 मुलांकडून शास्त्रज्ञाचं चित्र काढून घेतलं होतं. स्त्री शास्त्रज्ञ निघाल्या फक्त 28 चित्रांत, आणि ती सगळी चित्रं मुलींची. पांढरा कोट, चष्मा, दाढी, फसफसणाऱ्या नळ्या हे मुलांचं चित्र. तुमच्या पाहुण्या रोज नमुने मोजतात, तपासतात, शंका आली की पुन्हा तपासतात आणि निकालाखाली सही करतात. चौथीच्या मुलाला विज्ञान म्हणजे काय हे दिसायला याहून वेगळं काही लागत नाही. खरं तर नामवंत व्यक्तीपेक्षा हाताने काम करणारी व्यक्ती प्राथमिक वर्गात जास्त उपयोगी पडते. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, पीएचडी करणारी मुलं, पाणी किंवा माती तपासणारे लोक यांना रोजची साधनं दाखवता येतात आणि काय काय बिघडतं ते सांगता येतं. मोठ्या पदावरच्या माणसाला बरेचदा अहवाल आणि बैठकांबद्दलच जास्त सांगण्यासारखं असतं.

गेल्या वर्षीच्या पाहुण्यांना मात्र दोष देऊ नका. त्यांना बहुधा ‘या आणि तुमच्या कामाबद्दल सांगा’ एवढंच कळवलं असणार. ते ऐकून कुठलाही संशोधक परिषदेत दाखवलेली चित्रं उघडतो, थोडी सोपी करतो आणि येतो. मुलांच्या हातात काही नव्हतं आणि डोक्यात आधीपासून घोळणारा प्रश्नही नव्हता. मग उरतो तो पगाराचा प्रश्न. (तसा तो वाईट नाही. मोठा माणूस हे काम पोटासाठी करतो का, एवढंच मूल विचारत असतं. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते चपापणार नाहीत. आकडा सांगायची गरज नाही. ‘या कामावर माझं घर चालतं’ एवढं उत्तर पुरतं.)

निमंत्रण आणि फोन

निमंत्रण पाच-सहा आठवडे आधी द्या. त्यात इयत्ता, पट, धडा, तारखांचे तीन पर्याय, किती वेळ हवा आहे, आणि मुलांनी कोणतं काम करावं अशी तुमची इच्छा आहे हे लिहा. ‘भाषण नको आहे’ हे वाक्य स्पष्ट लिहा. पाहुण्यांना त्याने हायसंच वाटतं. एक तासिका पुरत नाही, सलग दोन तासिका मागून घ्या.

मग वीस-पंचवीस मिनिटांचा फोन. आमच्या मते सगळी भेट या फोनवर ठरते. मुलांना आत्ता काय येतं ते सांगा: गाळणं, निवळणं, चाळणं, चुंबकाने वेगळं करणं. काय येत नाही तेही सांगा: रेणू, टक्केवारी, दशांश अपूर्णांक.

त्यानंतर शब्द. इथे फार गोंधळ होतो. प्रयोगशाळेतला ‘नमुना’ मुलांना ठाऊक नाही, त्यांना ‘काय नमुना आहे!’ मधला ठाऊक आहे. पाहुण्या ‘आम्ही रोज चाळीस नमुने तपासतो’ म्हणाल्या की वर्ग हसणार, आणि त्यांना का ते कळणार नाही. ‘शुद्ध’ त्याहून अवघड. मुलांच्या लेखी पिण्याचं स्वच्छ पाणी शुद्ध. रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे एकच पदार्थ, आणि पिण्याच्या पाण्यात क्षार विरघळलेले असल्यामुळे ते मिश्रण ठरतं. हा घोळ टाळू नका, उलट त्यावर पाच मिनिटं द्या. फक्त पाहुण्यांना तो आधी माहीत हवा.

त्यांना तीन वस्तू आणायला सांगा. रोज हाताळतात असं एक साधन (सूक्ष्म प्रमाण मोजणारी पिपेट चालेल, काचेची नको). खऱ्या तपासणीचा एक आलेख. आणि फसलेल्या तपासणीचा एक आलेख. औषध कंपन्यांची कागदपत्रं गोपनीय असतात, म्हणून आलेख प्रशिक्षणातला किंवा नावं झाकलेला असावा, आणि तो दाखवायला त्यांनी कार्यालयाची परवानगी घ्यावी. ही गोष्ट भेटीच्या आदल्या दिवशी आठवली तर आलेख येत नाही.

फोन ठेवण्यापूर्वी एक विनंती करा: पहिली दोन मिनिटं वर्गात जे बोलणार तेच आत्ता बोलून दाखवा. संकोच वाटतो, पण दोन मिनिटांत तुम्हाला सगळं कळतं. ‘माझं शिक्षण अमुक, मग मी तमुक संस्थेत’ अशी सुरुवात झाली तर थांबवा आणि ‘काल तुम्ही काय तपासलंत?’ असं विचारा. त्याचं जे उत्तर येईल, तीच वर्गातली सुरुवात.

त्या दिवशीचं काम

तुमचं नशीब चांगलं. मिश्रणाचा धडा आणि औषध तपासणी यांना जोडणारी एक पद्धत आहे, क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करायची एक रीत. तिची घरगुती आवृत्ती चौथीच्या मुलांना जमते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पानातली रंगद्रव्यं खडूसारख्या भुकटीने भरलेल्या नळीतून वेगळी केली आणि 1906 साली या पद्धतीला हे नाव दिलं. अर्थ साधारण ‘रंगांनी लिहिणं’. गंमत म्हणजे रशियन भाषेत ‘त्स्वेत’चा अर्थच रंग. मुलांना हे सांगाच.

कोडं असं मांडा: एका चिठ्ठीवर काळ्या शाईचा ठिपका आहे. तो दोन काळ्या स्केचपेनांपैकी कोणत्या पेनाचा?

38 मुलांचे दहा गट करा, चार-चारांचे आठ आणि तीन-तीनांचे दोन. प्रत्येक गटाला गाळणकागदाच्या तीन पट्ट्या द्या, 2 सेंटिमीटर रुंद आणि 12 सेंटिमीटर लांब. म्हणजे 30 पट्ट्या, पण कापा 45, कारण पहिल्या पट्ट्या भिजतात, फाटतात, उलट्या बुडतात. पट्टीच्या खालच्या टोकापासून 2 सेंटिमीटरवर पेन्सिलीने आडवी रेघ मारायची आणि रेघेच्या मध्यावर दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका द्यायचा. पहिल्या पट्टीवर पहिल्या पेनाचा, दुसरीवर दुसऱ्याचा. तिसरी, ‘चिठ्ठीची’ पट्टी तुम्ही आधीच ठिपका देऊन तयार ठेवायची. कोणती पट्टी कोणती ते वरच्या टोकाला पेन्सिलीने लिहायचं. पट्टीचं वरचं टोक आडव्या पेन्सिलीवरून दुमडून चिकटवायचं आणि पेन्सिल 10 सेंटिमीटर उंच पारदर्शक ग्लासवर आडवी ठेवायची. ग्लासात तळाशी फक्त 1 सेंटिमीटर पाणी. पट्टीचं टोक अर्धा सेंटिमीटर बुडालं पाहिजे आणि ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे. कागदी कप घेऊ नका, आत काय चाललंय ते दिसत नाही.

पाणी चढताना ठिपका फुटतो आणि निळा, तांबडा, पिवळा असे पट्टे दिसायला लागतात. जो रंग पाण्याबरोबर सहज जातो तो पुढे, जो कागदाला धरून राहतो तो मागे. पाणी पेन्सिलीपासून एका सेंटिमीटरवर आलं की पट्टी काढायची आणि पाणी जिथवर पोचलं तिथे लगेच पेन्सिलीने खूण करायची. सुकल्यावर ती सीमा सापडत नाही.

फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. ठिपका पाण्यात बुडाला तर शाई वर चढण्याऐवजी ग्लासातच विरघळते; हे सगळ्यांत जास्त वेळा होतं. पक्क्या शाईचं मार्कर पाण्यात विरघळत नाही, ठिपका आहे तिथेच बसतो. पेन पाण्यात विरघळणाऱ्या शाईचंच हवं. रेघ बॉलपेनने मारली तर तिचीच शाई सरकून गोंधळ होऊ शकतो, म्हणून पेन्सिल. ठिपका चांगला ठसठशीत दिला तर रंगांचे पट्टे एकमेकांत मिसळून नुसता मळकट ओघळ दिसतो. पट्टी ग्लासच्या भिंतीला चिकटली तर पाणी एका बाजूने भरभर चढतं आणि रंग तिरके जातात. आणि प्रत्येक काळी शाई फुटतेच असं नाही, म्हणून आठवडाभर आधी चार-पाच पेनं स्वतः तपासा आणि स्पष्ट वेगळे दिसणारे दोन निवडा. त्याच कागदावर किती मिनिटं लागतात तेही घड्याळ लावून बघा. कागद बदलला की वेळ बदलतो.

हा प्रयोग पाहुण्यांशिवायही करता येतो हे तुमच्या लक्षात आलं असेल. मग त्यांचं काम काय? त्यांचं काम सुरू होतं ते दोन गटांचे निकाल जुळत नाहीत तेव्हा. पेन तेच, रंगही तेच, त्यांचा क्रमही तोच. पण एका गटाचा निळा पट्टा 6 सेंटिमीटरवर आणि दुसऱ्याचा 4 वर. पुस्तकात याचं उत्तर नसतं आणि शिक्षक अशा वेळी घाईने ‘चालेल, चालेल’ म्हणून पुढे जातात. पाहुण्यांचं मात्र रोजचं कामच हे. त्यांनी तेव्हा उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारायचं: तुमची पट्टी किती वेळ ठेवली होती? पाणी कुठवर चढलं होतं? तुमचा ठिपका केवढा होता? मुलं स्वतःच म्हणतात, ‘त्या गटाने पट्टी आधी काढली.’ मग पाहुण्यांनी सांगायचं, की आमच्याकडेही असंच होतं. म्हणून आम्ही नुसता अनोळखी पदार्थ तपासत नाही, त्याच्या सोबत ओळखीचा पदार्थ त्याच यंत्रात, त्याच दिवशी चालवतो आणि दोन्ही ताडून बघतो. तुमच्या तीन पट्ट्यांतल्या पहिल्या दोन म्हणजे ओळखीच्या. इथे तो आलेख बाहेर काढायचा. कागदावर रंग किती वर चढला ते बघतात; प्रयोगशाळेतल्या क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात पदार्थ नळीतून किती मिनिटांनी बाहेर आला ते बघतात, आणि आलेखावरचा उंचवटा म्हणजे बाहेर आलेला पदार्थ. फसलेला आलेख यानंतर दाखवला तर मुलं त्यावर तुटून पडतात, कारण फसणं काय असतं ते त्यांनी नुकतंच अनुभवलेलं असतं.

वेळेचा अंदाज: पाहुण्यांची सुरुवात आणि साधन सात-आठ मिनिटं, मांडणी दहा, पाणी चढेपर्यंत दहा (ग्लासाला हात न लावता बघायचं आणि वहीत चित्र काढायचं), मोजणी आणि ‘आमचं का जुळत नाही’ पंचवीस, प्रश्न पंधरा. उरलेला वेळ आवरायला. सूक्ष्मदर्शकही आणतो असं त्या म्हणाल्या तर आभार मानून नको म्हणा. एका सूक्ष्मदर्शकाशी प्रत्येकी अर्धा मिनिट धरलं तरी 38 मुलांना 19 मिनिटं, आणि दर तिसरं मूल फोकस हलवतं.

वर्ग सांभाळणं तुमचं काम, पाहुण्यांचं नाही. त्यांना ‘शांत बसा’ म्हणायची पाळी येऊ देऊ नका. आणि मागे बसून वह्या तपासायचा मोह टाळा. मुलं तुमच्याकडे बघून ठरवतात की हे महत्त्वाचं आहे की नाही. पाहुण्यांना मुलांबरोबर एकटं सोडू नये, फोटोसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, फोन नंबरांची देवाणघेवाण मुलांशी होऊ नये, हे नियम ओळखीच्या पालकांनाही लागू.

प्रश्न

प्रश्न आदल्या आठवड्यात कागदाच्या चिठ्ठ्यांवर जमवा आणि मुलांसमोरच तीन ढीग करा: आपण करून बघू शकू असे, पाहुण्यांनाच विचारावे लागतील असे, आणि अजून कोणालाच माहीत नसतील असे. तिसरा ढीग लहान असतो, पण मुलांना तोच आवडतो. पाहुण्यांना यातले आठ-दहा आधी पाठवा. एवढे पुरतात, कारण वर्गात नवे उगवतात.

पाहुण्यांना थांबायला शिकवावं लागतं. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. ही वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारीही बोलतात. पाहुणे तर शांततेला शिक्षकांहून जास्त घाबरतात आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात. खूण ठरवा: तुम्ही हात खाली करेपर्यंत त्यांनी बोलायचं नाही. आणि ‘मला माहीत नाही’ हे उत्तर चालेल, पण त्याच्यापुढे ‘कळायला हवं असेल तर मी आधी हे करून बघेन’ असं जोडायला सांगा.

मुख्याध्यापकांना काय दाखवायचं

शास्त्रज्ञाचं चित्र भेटीआधी काढून घ्या, महिन्याने पुन्हा. पण एक मेख आहे. दुसऱ्या वेळी बहुतेक मुलं तुमच्या पाहुण्याच काढतील, त्यांची पर्स आणि चष्म्यासकट. ती मतं बदलली नसून आठवण झाली. म्हणून दुसऱ्या वेळी ‘तुम्ही न भेटलेले दोन वेगळे शास्त्रज्ञ कामात असताना काढा आणि ते काय करताहेत ते दोन ओळींत लिहा’ असं सांगा. चित्रापेक्षा त्या दोन ओळी जास्त बोलतात. आधी ‘औषध बनवतो’ लिहिणारं मूल नंतर ‘पुन्हा मोजून बघते’ लिहीत असेल, तर मुख्याध्यापकांपुढे ते दोन कागद शेजारी-शेजारी ठेवा.

आभाराचं पत्र आठवड्याच्या आत पाठवा. ‘फार छान वाटलं’ नको. प्रत्येक गटाने आपली एक पट्टी चिकटवावी आणि ‘आमचा ठिपका कोणत्या पेनाचा वाटतो आणि का’ ते लिहावं. एक प्रश्नही जोडावा. दोन-तीन महिन्यांनी त्याच पाहुण्यांना पंधरा मिनिटं व्हिडिओवर बोलवा. नवा पाहुणा आणण्यापेक्षा तोच माणूस दुसऱ्यांदा भेटणं जास्त कामाचं, कारण तेव्हा मुलं त्यांना बिनधास्त विचारतात. व्हिडिओच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर आवाज तपासा. चित्र अडकलं तर मुलं सांभाळून घेतात, आवाज तुटला की वर्ग हातातून जातो. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने लॅपटॉपजवळ येऊनच बोलायचं.

आणि पाहुण्या ऐनवेळी आल्या नाहीत तर? प्रयोगशाळेत कामं अडकतात, असं होऊ शकतं. ठरलेला दिवस पुढे ढकलू नका. पट्ट्या कापलेल्या आहेत, पेनं निवडलेली आहेत. प्रयोग करा, न जुळलेले निकाल फळ्यावर तसेच राहू द्या आणि पट्ट्या सुकवून गटाच्या नावासह पाकिटात ठेवा. त्या येतील तेव्हा पाकिटं उघडून तिथूनच सुरुवात करता येईल.